मिस्त्रींची लाल खूण

गॅरेजवाल्याकडे किस्से किती, असं मला लोक विचारतात. मी त्यांना आमच्या फळीवरचा पत्र्याचा डबा दाखवतो. प्रत्येक गॅरेजात असा एक डबा असतोच. गाडी उघडली, जोडली, गिऱ्हाईक हसत घेऊन गेलं, आणि मग बघावं तर पान्याखाली एक नट शिल्लक! तो कुठला होता, हे कुणालाच आठवत नाही. टाकवत नाही आणि लावताही येत नाही. मग जातो डब्यात.

आमच्या बनसोडे मिस्त्रींच्या हातून मात्र पंचवीस वर्षांत एकही नट उरला नाही. डब्यातले सगळे नट माझे. आणि किस्सेही जे उरलेत ते माझ्याच हातून उरलेत, म्हणून तर तुम्हाला सांगत बसलोय. घ्या, चहा घ्या.

मिस्त्री कोण, ते आधी सांगतो. मी डिप्लोमा करून बाहेर पडलो तेव्हा मला इंजिनाची आकृती काढता यायची, इंजिन उघडता येत नव्हतं. कसबा पेठेजवळच्या एका गॅरेजात उमेदवारी केली, तिथे बनसोडे मिस्त्री होते. पाना धरायला त्यांनी शिकवलं. पुढे मी येरवड्यात स्वतःचं गॅरेज टाकलं, तेव्हा ‘मिस्त्री, येता का?’ एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी ते आपली पेटी सायकलला बांधून हजर! त्यांचं घर येरवड्यातच होतं म्हणून आले, असं ते सांगायचे. खरं तर ते आले म्हणून माझ्याकडे गिऱ्हाईक आलं. बोर्डावर नाव माझं होतं, एवढाच काय तो माझा वाटा.

गिऱ्हाइकासमोर ते मला ‘साहेब’ म्हणायचे. गिऱ्हाईक गेलं की ‘शेखर, अरे, काय केलंस हे!’ हा फरक लक्षात ठेवा.

* * *

मिस्त्रींचा एक नेम होता. काहीही उघडायचं असो, आधी खूण, मग पाना. दोन भाग जिथे एकमेकांना भेटतात तिथे आडवी रेघ मारायची, म्हणजे परत जोडताना रेघेला रेघ जुळली की काम बिनचूक. पूर्वी ते छिन्नीनं ओरखडा काढायचे. नव्या गाड्या आल्या, सगळं नाजूक ॲल्युमिनियमचं झालं, तेव्हा ओरखडा बंद झाला. खडू पुसला जायचा आणि ऑइलपेंट लवकर वाळायचा नाही.

एक दिवस मिस्त्रींनी शर्टाच्या खिशातून नेलपॉलिशची बाटली काढली. लालभडक! घरातून मिसेसची उचलून आणली होती. दोन मिनिटांत वाळतं, तेलानं जात नाही आणि बारीक ब्रश आयताच झाकणाला. इतका बेस्ट शोध पेटंट घेण्यासारखा होता.

महिन्याभरात मिसेसनी बाटली कपाटात लपवली. मग मिस्त्री स्वतः दुकानात गेले, मीही बरोबर होतो. काउंटरवरच्या बाईंनी ओळीनं दहा बाटल्या मांडल्या आणि विचारलं, “मॅडमचा रंग कसा आहे? गोऱ्या आहेत का सावळ्या?”

मिस्त्री शांतपणे म्हणाले, “काळ्या आहेत. आणि खूप तापतात.”

बाईंनी आमच्याकडे असं पाहिलं की पुढची दोन वर्षं बाटल्या आणायला मला एकट्याला जावं लागलं.

* * *

आगाशे काका म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक. सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलगा निखिल कॉम्प्युटर शिकून एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला, आणि त्यानं पहिल्याच वर्षी वडिलांना निळी मोटार घेऊन दिली. तेव्हा नव्याच आलेल्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या इंजिनाची. लगेच पुढच्या वर्षी तो अमेरिकेला गेला. काका ती गाडी मुलासारखी जपायचे. म्हणजे रोज पुसायचे, आणि रोज तिच्याविषयी तक्रार करायचे.

पहिल्या सर्व्हिसिंगनंतर दुसऱ्याच दिवशी काका गाडी घेऊन परत हजर. बॉनेट उघडलं. आत आठ-दहा ठिकाणी लाल रेघा.

“शेखरराव,” काका म्हणाले, “आम्ही गाडी दुरुस्तीला दिली होती. लग्नाला उभी करायचा आमचा विचार नाही.”

मिस्त्रींनी त्यांना रेघा का मारल्या ते पाच मिनिटं समजावलं. काकांनी ऐकून घेतलं, मान डोलावली आणि पहिल्यांदाच कुणाची तरी स्तुती केली. “म्हणजे तुम्ही उघडण्याआधी परत जोडायचा विचार करता. पुण्यात असा माणूस आहे, हे माहीत नव्हतं.” त्या दिवसापासून काकांच्या गाडीला मिस्त्रींशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा दंडकच झाला. मी मालक असून मला फक्त हवा भरायची परवानगी होती!

* * *

मोबाइल नवीन नवीन आले होते तेव्हाची गोष्ट. काकांचा गॅरेजवर फोन. “गाडीतून घडघड आवाज येतोय. वळणावर वाढतो. मी कात्रजला डेअरीपाशी उभा आहे.”

मिस्त्रींनी माझ्या हातातून फोन घेतला. “काका, इंजिन चालू करा आणि फोन बॉनेटवर धरा.” डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, “आता गाडी थोडी पुढे घ्या आणि फोन मागच्या सीटवर ठेवा.” परत ऐकलं. सगळं गॅरेज पाने खाली ठेवून बघत होतं.

“काका, इंजिन ठणठणीत आहे. डिकीत नारळ लोळतोय.”

 पलीकडे डिकी उघडल्याचा आवाज. मग काका म्हणाले, “दोन आहेत.”

* * *

मग आला आमच्याकडे स्कॅनर. येरवड्याच्या पुढे जिथे माळ होता तिथे काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्या होत्या, आणि त्या इमारतींतली मंडळी गाडी आणली की आधी विचारायची, “तुमच्याकडे स्कॅनिंग होतं ना?” मी स्कॅनर घेतला, बोर्डावर ‘कॉम्प्युटराइज्ड’ असं लिहून घेतलं आणि मला आभाळ ठेंगणं झालं.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. मिस्त्री बौद्ध, ते पूजा करत नसत. पण आदल्या दिवशी प्रत्येक पाना रॉकेलनं धुऊन, पुसून, आकारानं लावून द्यायचे ते, आणि मग दसऱ्यासाठी नागपूरला दीक्षाभूमीला जायचे. दरवर्षी. परत येताना सगळ्यांसाठी संत्री आणायचे आणि गोड निघाली की जणू स्वतः झाड लावल्यासारखे मिरवायचे.

त्या वर्षी मी पूजेत मधोमध स्कॅनर मांडला. मोठ्या भक्तीनं हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दसरा झाल्यावर पहिल्या गाडीला लावतो तर स्कॅनर मुका! काही केल्या बोलेना. मी कंपनीला फोन केला, घाम गाळला, वायर बदलली. मिस्त्री नागपूरहून आले, त्यांनी भिंग लावून स्कॅनरची पिन बघितली, आणि जुन्या टूथब्रशनं घासून चिमूटभर कुंकू बाहेर काढलं.

“शेखर, अरे,” ते म्हणाले, “डॉक्टरच्या कानात कुंकू भरलंस तर त्याला पेशंटचं ऐकू कसं येणार?”

स्कॅनर चालू झाला. तेव्हा मी खूप हसलो. पण ती बोच कुठे तरी राहिली असावी. या यंत्राला मिस्त्रींशिवाय चालवून दाखवायचंच, असं मनात आलं होतं माझ्या. आज कबूल करतो.

* * *

आता मुख्य किस्सा. हा मी सहसा सांगत नाही. सांगितला तरी अर्धाच सांगतो.

काकांची निळी गाडी तोवर जुनी झाली होती. तापली की बंद पडायची, अर्धा तास गेला की पुन्हा चालू. काका म्हणाले, “जिना चढल्यावर माझंही असंच होतं. पण मला ढकलत आणावं लागत नाही.” दसऱ्याला निखिल बायको आणि वर्षाच्या बाळाला घेऊन अमेरिकेहून यायचा होता, आणि एकादशीला सगळ्यांना याच गाडीतून साताऱ्याकडे गावच्या देवाला घेऊन जायचं, असं काकांनी ठरवलं होतं. निखिल म्हणत होता, भाड्याची मोठी गाडी करू. काकांचा हट्ट होता की त्याच्या पहिल्या कमाईच्या गाडीतूनच जायचं.

स्कॅनर लावला. निदान आलं : कॅमशाफ्ट पोझिशन सेन्सर खराब.

तुम्हाला थोडक्यात सांगतो. इंजिनात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरत असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. तो फिरत फिरत आता कुठवर आलाय हे सेन्सर कॉम्प्युटरला कळवतो, आणि त्यावरून कॉम्प्युटर ठिणगी केव्हा टाकायची ते ठरवतो. आताच्या गाड्यांत सेन्सर खोचला की काम झालं. पण त्या जुन्या गाडीत सेन्सर एका डबीत होता, ती डबी दोन बोल्टांवर, आणि बोल्टांची भोकं लांबट. म्हणजे डबी थोडी इकडे-तिकडे फिरवता यायची. हीच ग्यानबाची मेख! डबी जरा जास्त फिरली की ठिणगी भलत्या वेळी पडणार, आणि सेन्सर मात्र बिचारा नवा कोरा, त्यात दोष काहीच नाही.

अष्टमीला मिस्त्रींनी डबी काढली. अर्थातच आधी लाल रेघ मारली, अर्धी इंजिनावर, अर्धी डबीवर. नवा पार्ट दुसऱ्या दिवशी येणार होता आणि मिस्त्रींची नागपूरची गाडी त्याच संध्याकाळी होती. जुनी डबी त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवली. खिशातून नेलपॉलिशची बाटली आणि बायकोचा केसांचा एक आकडा काढून माझ्यासमोर ठेवला.

“शेखर, नीट ऐक. जुन्या डबीवरची खूण आधी नव्या डबीवर उतरव. रेघेला रेघ लाव. मग चाचणीच्या सॉकेटमध्ये हा आकडा घाल, आणि मगच टायमिंग लाइट मार. आकडा नसला तर कॉम्प्युटर आपल्या मनानं सारवासारव करत राहतो. तुला वाटेल बरोबर आहे.”

“जा हो मिस्त्री तुम्ही,” मी म्हणालो. “दोन बोल्टांचं काम आहे.”

बाटली आणि आकडा मी ड्रॉवरमध्ये टाकला. नवमीला पूजा झाली, पार्ट आला, मी बसवला. जुनी डबी उघडूनसुद्धा पाहिली नाही. भोकांच्या मधोमध बोल्ट येईल अशी नवी बसवली आणि आवळली. ठिणगीची वेळ दाखवणारा तो टायमिंग लाइट मारला, तर फिरत्या पुलीवरची रेघ बरोबर काट्यासमोर येऊन उभी! स्कॅनर लावला, तो म्हणाला, दोष नाही. इतका खूश झालो मी! वीस वर्षांत पहिल्यांदा मिस्त्रींची खूण न बघता त्यांचं काम केलं होतं.

दसऱ्याला गाडी मी स्वतः काकांकडे नेऊन दिली. काकांनी मला आपट्याचं पान दिलं आणि विचारलं, “बनसोडे कुठायत? त्यांनाही सोनं द्यायचं होतं.”

“ते नागपूरला गेलेत काका. उद्या दुपारी येतील,” मी म्हणालो.

* * *

दुसऱ्या दिवशी दुपारी काकांची गाडी टेम्पोला बांधून आली. कात्रजच्या घाटात तिनं चढायला नकार दिला होता. इंजिन खटखटत होतं, ओढ गेली, तापलं, वाफ निघाली. बाळ रडत होतं, सूनबाई त्याला पदरानं वारा घालत रस्त्याच्या कडेला दीड तास उभी. गावचा देव राहिला तो राहिलाच.

निखिल आत आला तो तडकच. “हे कोणी बसवलं? मला त्या माणसाशी बोलायचंय. आमच्याकडे एवढी चूक झाली ना, तर आम्ही आधी रूट कॉज शोधतो. कोणी केलं हे काम?”

काका मागे उभे होते. आणि त्याच वेळी फाटकातून मिस्त्री आत आले. स्टेशनवरून थेट. खांद्याला पिशवी, हातात संत्र्यांची जाळी.

बघा, मला फक्त एक शब्द बोलायचा होता. ‘मी.’ माझ्या गॅरेजातून गिऱ्हाईक जाणार नव्हतं, बोर्ड उतरणार नव्हता. पण बाजूला दोन आयटीवाले उभे होते, टेबलावर तो स्कॅनर होता, आणि भिंतीवर माझा डिप्लोमा.

मी म्हणालो, “मिस्त्रींनी बसवला. वय झालंय आता त्यांचं. एखादी गोष्ट राहून जाते.”

मिस्त्री होते तिथेच थांबले. माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही हो. एखाद्या इंजिनाचा आवाज ऐकावा तसं पाहिलं. मग जाळी खाली ठेवली आणि निखिलला म्हणाले, “चुकलं साहेब. दहा मिनिटं द्या.”

ते ड्रॉवरपाशी गेले. उघडला. बाटली आणि आकडा त्यांनी दिला होता तसाच पडलेला. फळीवरून वर्तमानपत्राची पुडी काढली, तिचा दोराही सुटलेला नव्हता. म्हणजे मी काय काय केलं नव्हतं, ते सगळं त्यांना तेवढ्यात कळलं. त्यांनी जुनी खूण नव्या डबीवर उतरवली, डबी जराशी मागे फिरवली, रेघेला रेघ लावली, आकडा घातला, लाइट मारला. पुलीवरची रेघ आता खरी उभी राहिली. गाडी अशी सुरू झाली की जणू काही झालंच नव्हतं.

निखिल मिस्त्रींना म्हणाला, “नेक्स्ट टाइम काळजी घ्या, काका.” मिस्त्री म्हणाले, “हो साहेब.”

सगळे गेल्यावर मिस्त्रींनी संत्री माझ्या टेबलावर, स्कॅनरच्या शेजारी ठेवली. मला वाटलं, आता म्हणतील, ‘शेखर, अरे, काय केलंस हे!’ मी वाटच बघत होतो. तेवढं म्हणाले असते तर मी तिथल्या तिथे पाय धरले असते त्यांचे.

ते म्हणाले, “साहेब, मी जरा घरी जाऊन आंघोळ करून येतो.”

गॅरेजात तेव्हा आम्ही दोघंच होतो.

संत्र्यांना हात लावायचं माझं धाडस झालं नाही. आठ दिवसांत ती सुरकुतली. मिस्त्री नसताना मी ती कचऱ्यात टाकली.

* * *

पंधरवड्यानं काका आले. हवा भरायला. हवा भरणं माझ्याकडेच होतं. मी चाकाशी वाकलो असताना वरून काका म्हणाले, “शेखरराव, तुमच्या बनसोड्यांचा हात मोठा लांब हो.”

“का काका?”

“नागपुरात उभं राहून येरवड्यात सेन्सर बसवतात.”

मी हसलो. अहो, हसलो मी! काका हसले नाहीत. ते म्हणाले, “मागच्या उजव्यात कमी आहे,” आणि चाकाकडे बोट दाखवलं. पुढे काका आणखी चार वर्षं गाडी माझ्याकडेच आणत होते. तो विषय त्यांनी कधी काढला नाही. मात्र मला ‘शेखरराव’ म्हणायचं बंद केलं, ‘मालक’ म्हणायला लागले.

* * *

त्यानंतर मिस्त्री एक नवीनच वाक्य शिकले. “साहेब, उघडू का?”

ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवलं, तो प्रत्येक बॉनेटपाशी उभा राहून मला विचारायचा, उघडू का. टोमणा नव्हता त्यात, नाही तर मी भांडलो तरी असतो. त्या दिवसानंतर कुणी गिऱ्हाईक हळूच सांगायचं, ‘त्या म्हाताऱ्या मिस्त्रींना नका देऊ, हं.’ गोष्ट पसरली होती. मिस्त्रींच्या कानावरही जात होतंच. ते आपणहून बॅटरीचं पाणी, चाकं, वायपर असली कामं करायला लागले. आणि मी ती करू दिली.

एकदा एका कंपनीचा अधिकारी गॅरेज बघायला आला. त्यांच्या गाड्यांचं काम मिळणार होतं. त्यानं मिस्त्रींना सहज विचारलं, “काका, किती वर्षं यांच्या हाताखाली काम करताय?”

मिस्त्री वायपर पुसता पुसता म्हणाले, “साहेबांनी ठेवलंय तोवर.”

‘अहो, मीच त्यांच्या हाताखाली शिकलो’ हे वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, शपथेवर सांगतो. मी त्या अधिकाऱ्याला स्कॅनर दाखवायला आत घेऊन गेलो.

पुढच्या दसऱ्याआधी मिस्त्री यायचे थांबले. “साहेब, डोळ्यांना आता बोल्ट दिसत नाहीत,” एवढंच सांगितलं. सायकलला पेटी बांधली. मी म्हणालो, “मिस्त्री, येत जा अधूनमधून.” ते म्हणाले, “येऊ की.” आले नाहीत. ड्रॉवरमध्ये बाटली राहिली. तिच्यातलं नेलपॉलिश वाळून खडा झालं, तरी मी ती फेकलेली नाही.

आता माझ्याकडे आठ पोरं कामाला आहेत, सगळी आयटीआय झालेली. मी प्रत्येकाला सांगतो, आधी खूण, मग पाना. ती हसतात. “सर, आता सगळं फिक्स असतं. फिरवायला काही नसतंच.” खरं आहे त्यांचं. फिरवून जागेवर आणता येईल असं आता गाड्यांत काही राहिलेलं नाही.

* * *

शेवटचा सांगतो आणि उठतो.

गेल्या दिवाळीच्या आधी मी मिस्त्रींकडे गेलो. इतक्या वर्षांनी. जाताना रिक्षात मी वाक्य पाठ करत होतो : ‘मिस्त्री, त्या दिवशी मी खोटं बोललो. माफ करा.’ दोनच वाक्यं. चारदा घोकली. उतरताना रिक्षावाल्यालाही पाठ झाली असतील.

वहिनींनी दार उघडलं. मिस्त्री खाटेवर बसून रेडिओ ऐकत होते. पार वाळले होते, पण आवाज तोच. माझी चाहूल लागली आणि ते म्हणाले, “कोण, शेखर? ये, अरे ये. बस.”

शेखर! मला काय वाटलं ते कसं सांगू तुम्हाला. इतक्या वर्षांनी त्यांच्या तोंडून माझं नाव ऐकलं. मी त्यांच्या पायाशी खुर्ची ओढून बसलो. वहिनींनी चहा आणला. मिस्त्रींनी सवयीप्रमाणे बशीत ओतला, फुंकर मारली.

“यंदा नागपूर चुकलं,” ते म्हणाले. “गुडघे साथ देत नाहीत. पहिल्यांदाच चुकलं बघ.”

मला वाटलं, आता. हीच वेळ आहे. मी कप खाली ठेवला. “मिस्त्री, त्या वर्षी दसऱ्यानंतर...”

“हां, त्या वर्षी,” ते मधेच म्हणाले. बशी तशीच हातात. “मी संत्री आणली होती. तुझ्या टेबलावर ठेवली होती. खाल्लीस का रे ती?”

ते माझ्याकडे पाहत होते. डोळ्यांना आता फारसं दिसत नाही त्यांच्या, पण पाहत होते.

“हो तर मिस्त्री,” मी म्हणालो. “खाल्ली ना. गोड होती एकदम.”

मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला. बशी कपावर ठेवली.

“त्या वर्षीची आंबट निघाली होती, साहेब. आमच्या घरी कुणी दुसरी फोड तोंडात घातली नाही.”